आवाजाला लागणारी जागा

चिखली,
रविवार, दुपार

प्रिय अर्पू,

काल तुझा शेवटचा पेपर झाला, म्हणून आज लिहायला बसले. आजी अंगणात कुरडयांची राखण करतेय, तुझे बाबा ड्युटीवर गेलेत आणि मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपपुढे एकेक अक्षर हुडकत बसले आहे. 'ज्ञ' कुठे दडलाय ते सापडेपर्यंत चहा गार झाला. फोन करायचा सोडून आईला हे काय सुचलं, असं तू म्हणशील. सांगते, पण सगळ्यात शेवटी सांगते, आणि तू मधलं सोडून पुढे पळायचं नाहीस. तुझ्या मोबाइलमधली ती बाई हे पत्र तुला वाचून दाखवेल. तिला 'ळ' नीट म्हणता येत नाही आणि ती कुठे श्वासही घेत नाही, तेवढं सांभाळून घे. मला तुला एक जागा दाखवायची आहे. तू जन्मलीस तेव्हापासून आपण दोघी जशा जागा बघत आलो तशी, कानाला, हाताला, नाकाला. डोळस माणसाला तिथे फारसं काही दिसतही नाही, हे मी स्वतः जाऊन बघून आले आहे.

गुलाबरावांची जिनिंग तुला आठवत असेल. बाबा तिथे फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी आपण त्यांचा डबा घेऊन जायचो. हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत यायची. आत सरकी काढणाऱ्या रेच्यांचा खडखडाट इतका, की तू माझ्या पोटाशी कान दाबून धरायचीस. एकदा बाबांनी तुझा हात रुईच्या गठाणीवर ठेवला आणि तू ओरडलीस, "बाबा, हा तं दगड हाये!" कापूस मऊ असतो एवढंच तुला ठाऊक होतं. घरभर मावणार नाही एवढा कापूस दाबून दाबून एका गठाणीत बसतो, हे ऐकल्यावर तू कितीतरी दिवस उशी दोन्ही हातांनी दाबून बघत होतीस. पुढे जिनिंग बंद पडली. गोदामात कबुतरं राहायला आली. बाबा कधी मोटारी दुरुस्त कर, कधी कुणाचा बोअर बघ, असं करत राहिले. मग तू पुण्याला गेलीस त्या वर्षी गुलाबरावांनी ते गोदाम एका संस्थेला भाड्यानं दिलं आणि टपरीवर सांगत सुटले, "पुस्तकांचं गोदाम होऊन राह्यलं आपल्या चिखलीत! चाळीस लाख पुस्तकं येनार हायेत!"

गावात दुसरा विषय नव्हता. एवढी पुस्तकं वाहायला किती ट्रक लागतील, याच्या पैजा लागल्या. कचरूभाऊ आपले हमाल घेऊन कामाच्या आशेनं फाटकाशी जाऊन बसले. आला तो एकच ट्रक, आणि त्यात उंच उंच लोखंडी कपाटं. त्यानंतर जे ट्रक आले त्यांत हवा गार करायची यंत्रं, बॅटऱ्या, जनरेटर, तारांची भेंडोळी. पुस्तक एकही नाही. नारळ फोडायच्या दिवशी बाबांसारख्या नव्या कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा आजी काचेला नाक लावून आत बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुस्तकं कुठी हायेत वं पूनम? मले तं नुसते कपाटं दिसून राह्यले." मी म्हटलं, त्या कपाटांतच आहेत. तिनं थोडा विचार केला. "मंग किल्ली हरपली का कपाटायची?"

तिथल्या मुख्य मॅडम निशिगंधा. देऊळघाटच्या आहेत, आईवडील अजून तिथेच भाजीपाला करतात. शिकल्या नागपूरला, नोकरी केली मुंबईत, आणि या कामासाठी आपल्या जिल्ह्यात परत आल्या. ही जागा निवडली तीही त्यांनीच. मी विचारलं, मॅडम, अख्खा देश पडला होता, चिखलीच का? त्या म्हणाल्या, "पुस्तकं एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही, काकू. एक प्रत समुद्राकाठच्या शहरात आहे, एक पार दक्षिणेत आहे. तिसरीसाठी अशी जागा पाहिजे होती, जिथे समुद्र येत नाही, पूर येत नाही, जमीन हलत नाही आणि हवा कोरडी आहे. मी म्हटलं, मग आमचा घाटावरचा भाग आहे ना." अर्पू, मला ते ऐकून कसंतरीच झालं. आपल्याकडे पाणी नाही, आपल्याकडे रेल्वे नाही, आपल्याकडे अमुक नाही, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. आपल्या कोरड्या हवेलाही कुणीतरी गुण म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण हे सगळं ऐकूनही दोन वर्षं मी आत पाऊल टाकलं नव्हतं. बाबा तिथे गार हवेची यंत्रं आणि जनरेटर सांभाळतात, पण बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, आणि मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. मी गेले ती तुझ्यामुळे. दिवाळीत तू घरी आली होतीस तेव्हाची गोष्ट. एम.ए.च्या परीक्षेनंतर द्यायच्या प्रबंधाचा विषय तू सांगितलास, वऱ्हाडातले जुने कापूस-बाजार, तेव्हा बाबांची छाती केवढी फुगली होती. आणि मग हळूच सांगितलंस की ज्या एका पुस्तकावाचून हा विषय पुढे सरकत नाही, तेच तुला वाचता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणा निवृत्त तहसीलदारानं लिहिलेलं. त्याच्या पानांचे फोटो काढलेले आहेत, पण छपाई इतकी फुटकी आणि शाई इतकी उडालेली, की तुझ्या मोबाइलमधल्या बाईला त्यातली अक्षरंच ओळखू येत नाहीत. ती 'कापसाचा भाव' हे 'कपाळाचा भात' असं वाचते, असं तू हसत सांगितलंस आणि आम्ही सगळे हसलो. पण तू काठी उघडत-मिटत बसली होतीस. तुला राग आला की तू तेच करतेस. "जाऊ दे आई, दुसरा विषय घेते," असं म्हणून तू उठलीस.

तू पुण्याला गेल्यावर मी बाबांना विचारलं, ते पुस्तक तुमच्या गोदामात असेल का हो? ते म्हणाले, "असंल. पन मी तिथी हवा न् लाइट पाह्यतो. पुस्तकाचं मॅडमले इचार." म्हणून मी मॅडमना विचारायला गेले, आणि त्या मला आत घेऊन गेल्या.

आता नीट ऐक. चपला बाहेर काढायच्या. ते धुळीसाठी असतं, पण मला देवळात शिरल्यासारखं वाटलं आणि मी नकळत पदर सावरला. एकामागे एक दोन दारं आहेत. पहिलं पुरतं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या चिमुकल्या खोलीत उभं राहिलं की बाहेरचं ऊन, रस्त्यावरचे हॉर्न, कबुतरं, सगळं मागे राहतं आणि क्षणभर कानात आपलंच रक्त वाजतं. मग दुसरं दार उघडतं आणि आवाज अंगावर येतो. रेच्यांसारखा खडखडाट नाही. रानात मोहोळाजवळून जाताना तू माझा हात घट्ट धरायचीस, तो आवाज आठव. तशी शेकडो मोहोळं एखाद्या कड्याला लागली आहेत असं समज. तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. जमीन पोकळ आहे आणि तिच्यातून गार वारा वर येतो, माझ्या साडीचा काठ सारखा हलत होता. आणि वास कशाचाच नाही. पुस्तकांचा नाही, सरकीचा नाही, माणसांचा नाही. बिनवासाची जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तू तिथे आलीस तर पहिलं हेच म्हणशील, आई, इथे काहीच कसं नाही?

मॅडमनी माझा तळवा संगणकांनी भरलेल्या एका कपाटाच्या पुढच्या जाळीवर ठेवला. माठासारखी गार. मग मला मागच्या बाजूला नेलं आणि म्हणाल्या, आता इथे धरा. म्हशीच्या नाकपुडीपुढे हात धरला की जसा लागतो ना, तसा ऊन ऊन वारा. मी हात मागे घेतला. "कुणीतरी वाचतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, कुणी शेजारी पोळ्या लाटतंय म्हणावं तसं. पण माझ्या अंगावर काटा आला. कुठे लातूरला कुणी पोरगी परीक्षेचं वाचत असेल, कुठे परदेशात कुणी म्हातारा आपल्या भाषेतलं जुनं पुस्तक उघडून बसला असेल, आणि त्यांनी पान उलटलं की त्याची ऊब इथे, चिखलीत, आपल्या रुईच्या गोदामात निघते. मी पुन्हा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

जागेचं सांगायचं राहिलंच. एवढं अवाढव्य गोदाम, आणि सगळी पुस्तकं त्यातल्या एका कोपऱ्यातल्या खोलीत. तुझ्या शाळेच्या एका वर्गाएवढी असेल. मग उरलेल्या गोदामात काय? तर त्या एका खोलीची सरबराई. हवा गार करणारी यंत्रं, बॅटऱ्यांच्या भिंतीच्या भिंती, एक जनरेटर आणि तो रुसला तर दुसरा, डिझेलची टाकी, पाण्याच्या टाक्या, आग लागली तर पाण्याशिवाय विझवणारी वायूची नळकांडी. बाबा दिवसभर हेच बघत फिरतात. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकांना जागा कमी लागते, काकू. त्यांना जपायलाच जागा लागते." पुस्तकं साठवायची, बाद झालेली एक डबी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्या एवढी, पण हाताला जड, थंड, कुठे फट नाही की पान नाही. आपल्या गावच्या वाचनालयात जेवढी पुस्तकं आहेत त्याच्या कितीतरी पट त्या एका डबीत होती म्हणे. मी दचकले. म्हटलं, मग ती पुस्तकं गेली? त्या हसल्या. अशा डब्या अधूनमधून मरतातच. मेलेली काढायची, नवी बसवायची, शेजारच्या डब्या आपल्याजवळचं तिला देऊन पुन्हा भरून टाकतात. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हीच चाळीस लाख पुस्तकं कागदाची असती आणि एका फळीवर एकाला एक लावून उभी केली असती, तर ती फळी इथून खामगावला जाऊन परत चिखलीला आली असती, असा त्यांचा अंदाज. मी मनातल्या मनात त्या एस.टी.त बसून गेले, गावाबाहेरचं वळण, मग घाट, मग खालचा रस्ता, आणि खिडकीबाहेर सगळीकडे पुस्तकांच्या पाठी. परतीच्या वाटेवर तर मला गरगरायला लागलं.

आणि मग मला आठवली तुझी दहावी. हिंमतराव सर बुलढाण्याहून तुला ब्रेल शिकवायला यायचे, त्यांनी खटपट करून तुझी इतिहासाची आणि विज्ञानाची पुस्तकं ब्रेलमध्ये मागवली होती. पार्सल आणायला बाबा सायकल घेऊन स्टँडवर गेले आणि रिक्षा करून परत आले. इतर पोरांचं पुस्तक दप्तरात जायचं, आणि तेच तुझं पुस्तक उशांएवढ्या जाड जाड खंडांचं होऊन आलं. आपल्या दोन खोल्यांत ते ठेवायचं कुठे? ज्वारीच्या कोठीवर ठेवले, खाटेखाली सारले, दोन खंड तर देवघराच्या फळीवर बसवले. आजी म्हणाली, "पोरीचं एक पुस्तक न् घरात पाव्हना आल्यावानी जागा खाते." पण तू रात्रंदिवस त्यांच्यातच असायचीस. पालथी पडून, हनुवटी खंडावर ठेवून, बोटं फिरवत. जे विषय ब्रेलमध्ये आले नाहीत ते मी वाचायचे. निंदायला गेले की शेताच्या धुऱ्यावर बसून वाचायचे, भाकरी थापताना तू पुढ्यात पुस्तक उघडं धरायचीस आणि मी मान वळवून वाचायचे. बारावीपर्यंत शिकून माझं लग्न झालं होतं. फ्रान्समध्ये राजाचं काय झालं आणि संसदेत किती सभागृहं असतात, हे मला तुझ्याबरोबर पुन्हा नव्यानं कळलं. तू मोबाइलवर ऐकायला लागलीस तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, चला, सुटलीस एकदाची. मी हो म्हटलं. पण खरं सांगू? संध्याकाळी पीठ मळताना माझं तोंड आपोआप हलायचं आणि वाचायला पुढ्यात काही नसायचं.

तुझं पुस्तक त्या खोलीत होतं. मॅडमनी ते पडद्यावर उघडलं. पानं पिवळी, कडेला वाळवीनं खाल्लेली, अक्षरं अर्धी अर्धी. पण अर्पू, मला ती वाचता येत होती! 'ख' फुटून 'रव' झाला तरी पुढचा शब्द बघून मला कळत होतं की इथे 'खरेदी' असणार. मी चार ओळी मोठ्यानं वाचल्या. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांची संस्था अशा पुस्तकांसाठी वाचणारी माणसं शोधतच होती, न दिसणाऱ्या वाचकांसाठी आवाजात पुस्तक भरून देणारी. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, हे मी वाचते. कधीपासून, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, उद्यापासून. मला घाई होती.

मोठ्या खोलीची घूं-घूं येऊ नये म्हणून फाटकाजवळची जुनी वजनकाट्याची खोली ठरली. भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आजी बाहेर खाट टाकून पहाऱ्याला बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायची, "हळू बोला रे, आत पुस्तक चालू हाये!" एके ठिकाणी तिचं "चहा झाला वं" सुद्धा आत भरलं गेलंय, ते आम्ही काढलं नाही. मी रोज दुपारी वाचायचे, गळ्याला मफलर, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. एकदा फाल्गुनात गारपीट झाली आणि वीज गेली. मोठ्या खोलीत चाळीस लाख पुस्तकांची पापणीही लवली नाही, बॅटऱ्या होत्या, बाबा जनरेटरपाशी होते. पण वजनकाट्याच्या खोलीला साधीच लाइन. त्या दिवशी वाचलेलं अख्खं प्रकरण पुसलं गेलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, एकाच ठिकाणी ठेवलं की असंच होतं ना, मॅडम? आजपासून रोजचं रोज आत न्या. दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा वाचलं. शेवटी शेवटी आवाज इतका चिरकायला लागला, की प्रत्येक परिच्छेदाला थांबून पाणी प्यावं लागे, पण एकही पान सोडलं नाही.

आणखी एक गंमत. तुझ्यासाठी वाचायची सवय असल्यामुळे मी मध्येच थांबून समजावून सांगायला लागायचे. तहसीलदार लिहितात की बाजारात दलाल धोतराच्या सोग्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत, तोंडानं अवाक्षर नाही. तिथे माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "अर्पू, म्हणजे बघ हं, भाव डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायचे. तुझ्या ब्रेलसारखे!" मॅडमनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, काकू, हे पुस्तक सगळ्यांसाठी आहे, जसं आहे तसंच वाचायला हवं. मला पटलं, तरी दर दोन पानांआड माझं 'अर्पू, बघ हं' यायचंच. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांनी दोन प्रती केल्या आहेत. एक सगळ्या जगासाठी, साफसूफ केलेली. दुसरी तुझ्यासाठी, माझ्या मध्ये मध्ये बोलण्यासकट, आजीच्या चहासकट. शेवटच्या दिवशी मी विचारलं, मॅडम, हे सगळं ठेवायला किती जागा लागली? त्या म्हणाल्या, "नुसती अक्षरं ठेवली असती ना, तर हे पुस्तक ज्वारीच्या एका दाण्याएवढं झालं असतं. तुमच्या आवाजाला ओंजळ लागली." तेच शब्द, तेवढीच वाक्यं, पण माणसाच्या तोंडून आली की दाण्याची ओंजळ होते. का, तर श्वास असतो, अडखळणं असतं, दोन शब्दांमधली शांतताही ठेवावी लागते. मी घरी येईपर्यंत त्याच नवलात होते. आता समुद्राकाठी एक ओंजळ आहे, दक्षिणेत एक आहे आणि चिखलीत एक. तुझी प्रत उघडायची किल्ली मॅडमनी आज सकाळीच तुझ्या मेलवर पाठवली आहे. प्रबंधाचा विषय आता बदलायचा नाही.

आता ते शेवटचं. दिवाळीनंतर माझ्या गळ्यापाशी हाताला गाठ लागली. संभाजीनगरला दाखवलं. ती कॅन्सरची निघाली आणि आवाजाच्या नसेला वेढून बसली होती. डॉक्टर म्हणाले, काढली तर जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. वाचायची माझी घाई ती हीच. तुझ्या पहिल्या पेपरच्या आधल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली आहे, मी बरी आहे, जेवते, फिरते, आयुष्यभर एक गोळी घ्यायची एवढंच. पण एक नस गाठीबरोबर काढावी लागली, दुसरी अजून जागी झालेली नाही आणि होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. बोलायला गेले की नुसती हवा येते. फोनमध्ये ती ऐकू येत नाही, बाबांनी लावून बघितलं. पेपरच्या दिवसांत तुला माझे जे निरोप यायचे, 'जेवलीस का', 'शांतपणे लिही', ते मी ऑपरेशनच्या आधीच बोलून ठेवले होते आणि बाबा रोज एकेक पाठवायचे. म्हणूनच तू पेपर अवघड गेला म्हणालीस त्या दिवशी मी म्हणाले, 'छान, आता झोप.' केवढी चिडली होतीस! बाबांवर रागावू नकोस. त्यांना हे मुळीच पटलं नव्हतं, हट्ट माझा होता. परीक्षा सोडून तू निघून आली असतीस, हे मला माहीत होतं.

आता मात्र ये. मिळेल त्या गाडीनं ये आणि बाबांना वेळ कळव, मी स्टँडवर असेन. दरवेळी गाडी लागली की मी फलाटावरून तुला हाक मारते आणि तू त्या बाजूला काठी वळवून चालायला लागतेस. या वेळी हाक येणार नाही. घाबरू नकोस आणि गर्दीत शोधत पुढे येऊ नकोस. खाली उतर आणि गाडीच्या दाराजवळच उभी राहा. मी येऊन तुझा हात धरीन.

तुझीच,
आई